बारमाही टायर

गाडी घेताना आपण रंगावर आठवडा घालवतो, सीट कव्हरवर दोन संध्याकाळी, आणि नंबरात जन्मतारीख बसते का हे बघायला आरटीओच्या एजंटाला चहा पाजतो. टायर कुठले आहेत हे मात्र शोरूममध्ये कुणी विचारत नाही. ते गाडीबरोबर येतात. चार खाली, एक डिकीत. पुढची काही वर्षं त्यांच्याशी आपला संबंध एवढाच, की पंपावर हवा भरणाऱ्या मुलाने "किती?" विचारलं की काच खाली करून "तेहतीस" म्हणायचं. तेहतीस म्हणजे तेहतीस काय, हे त्यालाही माहीत नसतं आणि आपल्यालाही.

मग एखाद्या मे महिन्यात वळवाची पहिली सर येऊन जाते आणि सिग्नलला ब्रेक दाबूनही गाडी आपल्या मर्जीने चार पावलं पुढे जाऊन थांबते. त्या रात्री शेजारचे काका पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकतात, टायरवरून तर्जनी फिरवतात आणि डॉक्टरी आवाजात सांगतात, "गोटा झालेत."

टायरवर मत नसलेला पुरुष महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सोसायटीत बातमी पसरलेली असते आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आपापला ब्रँड घेऊन उभा असतो. यातल्या बऱ्याच निष्ठांचा टायरशी संबंध नसतो. एमआरएफचा भक्त निघाला, तर त्याची भक्ती नव्वदच्या दशकात सचिनच्या बॅटवरच्या स्टिकरपासून सुरू झालेली असते. त्या वयात आम्हा कित्येकांना ती बॅट बनवणारी कंपनी वाटायची. प्रत्यक्षात १९४६ साली ती मद्रासला खेळण्यातले फुगे बनवत होती. म्हणजे हवा आत कोंडून ठेवण्याचा अनुभव दांडगा. भांडुपला बालपण गेलेला माणूस सिएटशिवाय काही बोलणार नाही, आणि ही आपली भांडुपची कंपनी मूळची इटलीतल्या तुरिनची, असं सांगितलं तर त्याला ते माहेरची बदनामी केल्यासारखं लागतं. माझ्या मेहुण्याचा मित्र चाकणला कामाला आहे, त्यामुळे मेहुण्याचं मत जपानी. सासऱ्यांचं मत वेगळंच. त्यांनी फियाटचे टायर एकदा रिमोल्ड करून घेतले होते आणि ते गाडी विकेपर्यंत टिकले. गाडी पुढच्याच महिन्यात विकली, हे ते सांगत नाहीत.

या सगळ्यांत वजनदार सल्ला आला तो श्टुटगार्टहून. भाचा तिथे मोटारींच्या कामात आहे. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "मामा, डोकं लावू नकोस. सरळ ऑल सीझन परफॉर्मन्स घेऊन टाक."

आता त्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. जर्मनीत टायर हा वर्षातून दोनदा करायचा संसार आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं आणि रस्ता धरायचं सोडतं. थंडीचं रबर मऊ असतं, ते गारठ्यातही लवतं, पण उन्हाळ्यात भराभर झिजतं. म्हणून तिथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर थंडीचे टायर लावतात आणि बाकीचे महिने उन्हाळी. रस्त्यावर बर्फ असताना थंडीला योग्य टायर नसेल तर दंड होतो. कॅनडातल्या क्वेबेकात तर बर्फ असो-नसो, १ डिसेंबर ते १५ मार्च थंडीचे टायर कायद्यानेच लावावे लागतात. उरलेले चार टायर ठेवायचे कुठे? त्यासाठी जर्मनीत टायरांची हॉटेलं आहेत. खरोखरची. पावती करायची, टायर सोडायचे, सहा महिन्यांनी घेऊन जायचे. भाच्याचे टायर निम्मं वर्ष हॉटेलात मुक्कामाला असतात. तो स्वतः दोन खोल्यांत दोन मित्रांबरोबर राहतो.

एवढ्या कटकटीतून सुटका म्हणून बारमाही टायर जन्माला आला. गुडइयरने १९७७ साली अमेरिकेत 'टिएम्पो' नावाचा टायर काढला, तेव्हापासून ही जात बाजारात आहे. कडाक्याच्या थंडीत तो खास हिवाळी टायरची बरोबरी करत नाही आणि भर उन्हाळ्यात खास उन्हाळी टायरची. पण बारा महिने एकच टायर राहतो आणि हॉटेलचं बिल वाचतं. पुढे त्याला 'परफॉर्मन्स' हे पद मिळालं, म्हणजे हाच गृहस्थ वळणावर जरा जोरातही जाईल. तडजोड चांगली आहे. फक्त ती बर्फ आणि ऊन यांच्यातली आहे, आणि आपल्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीगृहात.

पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा आठ-नऊवर उतरला की आपण माकडटोप्या काढतो, पेपरात 'पुणे गारठले' असा मथळा येतो, आणि खाली पार्किंगमध्ये टायर मात्र उन्हाळ्यातच असतो. सात अंशांची त्याची वेस अजून ओलांडलेली नसते. अपवाद महाबळेश्वरचा. तिथे वेण्णा लेकच्या काठी दरवर्षी एखाद्या सकाळी दव गोठतं, लोक गाडीच्या टपावरचा तो पांढरा थर नखाने खरवडून फोटो काढतात. महाराष्ट्रात बर्फावरच्या टायरची चाचणी घ्यायची झाली तर तेवढाच टप उपलब्ध आहे.

बारमाही टायरच्या कडेवर बहुधा 'एम अधिक एस' असं छापलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरं मिळवायला टायरला बर्फ बघावाही लागत नाही. नक्षीतल्या खाचा ठरल्या मापाच्या असल्या की पुरे. बर्फावर खरी परीक्षा देऊन पास झालेल्याला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं वेगळं चिन्ह मिळतं. आपल्याला 'चिखल आणि बर्फ' यातला निम्माच भाग लागू. पण तो निम्मा जूनमध्ये लांजा-राजापूरच्या आतल्या रस्त्यांवर इतका पुरेपूर लागू होतो की बर्फाची उणीव भासत नाही.

म्हणून भाच्याचा सल्ला आपल्या मातीत लावायचा तर ऋतू आधी नीट मोजले पाहिजेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून घाट उतरून वाई ओलांडून फलटणकडे निघालं, की दोन-अडीच तासांत आपण पाचशे मिलिमीटरच्या मुलखात असतो. निघताना वायपर फुल स्पीडवर, पोचताना काचेवर धूळ. युरोपातल्या माणसाला हवामान बदलायला महिने थांबावं लागतं. आपल्याला पाचवड फाट्यावर चहा प्यायला थांबलं तरी पुरतं. दुसऱ्या टोकाला विदर्भातला मे. चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळिसाच्या वर, खाली समृद्धी महामार्गाचं काँक्रीट, गाड्यांना ताशी १२० ची परवानगी, आणि ७०१ किलोमीटर सरळसोट रस्ता. हवा कमी असलेल्या टायरची कड प्रत्येक फेऱ्याला चेपते आणि सुटते, त्या चेपण्यात उष्णता तयार होते, ती वाढत जाते, आणि एका क्षणी टायर राजीनामा देतो. २०२३ साली आरटीओच्या पथकांनी या रस्त्यावर टायर तपासून गोटा टायरवाल्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा कित्येकांना आपल्या गाडीला टायर आहेत हे पहिल्यांदा कळलं असावं.

या सर्व प्रश्नांची उत्तरं टायरच्या कडेवर छापलेली असतात. हे मराठीतलं सर्वात कमी वाचलं जाणारं वाङ्मय. एक ओळ घेऊ: १८५/६५ आर १५ ८८ एच. यात १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या टक्क्यांत. १५ म्हणजे रिमचं माप, इंचात. ही पद्धत ठरवणाऱ्या समितीवर एक फ्रेंच, एक इंग्रज आणि एक बँकवाला असावा. आर म्हणजे रेडिअस असं छातीठोक सांगणारे मेहुणे भेटतात. तो रेडियलचा आर आहे, आणि १५ ही त्रिज्या नसून व्यास आहे; पण मेहुण्याला हे लग्नाआधी सांगायचं असतं. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलावेत. चौघांचे मिळून सव्वादोन टन होतात. गणपतीला गावी निघताना डिकीत काय काय कोंबलं जातं हे आठवलं, की तो आकडा तितकासा मोठा वाटत नाही.

शेवटचा एच हा वेगाचा. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, यू म्हणजे २००, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. एच हा यू आणि व्ही यांच्या मध्ये कसा जाऊन बसला कुणास ठाऊक, पण वर ओळख असल्याशिवाय एवढी बढती मिळत नाही. असे २१० चे चार टायर लावून आपण संध्याकाळी सात वाजता सिंहगड रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये उभे असतो.

काही टायरांवर झिजेचाही आकडा असतो. तो अमेरिकेतून आलेला. टेक्सासमध्ये सॅन अँजेलो नावाच्या गावाभोवती ४०० मैलांचा एक ठरलेला फेरा आहे. त्यावर गाड्यांचा ताफा ७२०० मैल, म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटर फिरवतात आणि नमुन्याच्या टायरच्या तुलनेत कोण किती झिजला ते मोजतात. नमुन्याला १००, ३०० वाला त्याच्या तिप्पट टिकणार असा हिशेब. शास्त्र म्हणून नामी आहे. पण त्या ४०० मैलांत ग्रामपंचायतीने शाळेसमोर, सरपंचांच्या घरासमोर आणि सरपंचांच्या मेहुण्याच्या हॉटेलासमोर घातलेले गतिरोधक नाहीत. मुंबई-गोवा महामार्गाचं २०११ पासून चाललेलं काम तर नाहीच नाही. तिथे झिजेआधी फुगा येतो. खड्ड्याची कड जोरात लागली की टायरच्या आतले धागे तुटतात आणि कडेला गळवासारखा उंचवटा येतो. तो आला की ३०० असो की ५००, टायर बदलायचा. फुग्यावर इलाज नाही, आणि 'थोडे दिवस चालवा' म्हणणाऱ्याला आपल्या गाडीत बसवून घाटात न्यावं.

काकांचा सल्ला मात्र मी इथे पुरा खोडणार आहे, कारण तो दर पावसाळ्यात प्रत्येक सोसायटीत जन्म घेतो: "पावसात हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवायची, ग्रिप वाढते." ऐकायला पटतं. टायर जरा बसतो, रस्त्याला जास्त टेकतो, मग पकड वाढणारच! ओल्या रस्त्यावर नेमकं उलटं होतं. टायरच्या पुढ्यात पाणी साचतं, नक्षीतल्या खाचा ते बाजूला फेकत असतात. वेग वाढला आणि खाचांना ते झेपेनासं झालं की पाणी टायरखाली पाचर मारतं आणि गाडी तरंगायला लागते. स्टिअरिंग एकदम हलकं होतं. काही लोकांना त्या क्षणी गाडी छान पळतेय असं वाटतं. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांसाठी याचं एक सोपं सूत्र दिलं. टायरमधल्या हवेच्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याला नवाने गुणा. गाडी कोणत्या वेगाला तरंगेल तो आकडा नॉटमध्ये मिळतो. ३६ ची हवा असेल तर सहा नव्वे चोपन्न नॉट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. २५ ची असेल तर पाच नव्वे पंचेचाळीस, म्हणजे ८३. विमानाचं सूत्र मोटारीला तंतोतंत बसत नाही, पण दिशा तीच. हवा कमी केली की गाडी आधी तरंगते. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "नासाला आपले रस्ते माहीत आहेत का?" त्याला उत्तर नाही.

खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने बाद. मुख्य खाचांच्या तळाशी छोटे आडवे बांध घातलेले असतात. नक्षी झिजून त्या बांधांच्या पातळीला आली की खेळ संपला. हे बघायला टॉर्च लागतो, तर्जनी लागते, काका लागत नाहीत.

मग परफॉर्मन्सचं काय? टायर बनवणाऱ्यांत एका त्रिकोणाची चर्चा असते: ओल्या रस्त्यावरची पकड, टिकाऊपणा आणि पेट्रोल. एक कोपरा ओढला की दुसरे आत येतात. मिशेलिनने १९९२ साली रबरातल्या काजळीची जागा बरीचशी सिलिकाला दिली, तेव्हा तो त्रिकोण एकूणच थोडा फुगला. पण राहिला त्रिकोणच. परफॉर्मन्स टायर पकडीच्या कोपऱ्याकडे ओढलेला; तो सहसा लवकर झिजतो. माझं मत विचाराल तर ताम्हिणीत जुलैत, धुक्यात, समोरून लाल एसटी येत असताना मला पकड हवी. किलोमीटर मी नंतर मोजीन. मात्र ती पकड ओल्या डांबरावरची हवी. भाच्याने सुचवलेल्या टायरातली निम्मी हुशारी हिमकणांसाठी खर्च झालेली आहे, तिचे पैसे मी का भरू?

एवढा अभ्यास घेऊन मी आणि बायको दुकानात गेलो. दुकानदाराने गाडी दारात शिरतानाच टायर पाहिले होते. आमच्याकडे पाहायची त्याला गरज नव्हती.

"पुढचे दोनच बदला, साहेब. मागचे अजून एक पावसाळा काढतील."

"दोनच घ्यायचे तर नवे मागे लावायचे ना?" मी म्हणालो.

दुकानातला हवा भरणारा मुलगासुद्धा थांबला. दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे आणि नवे टायर मागे? लोक हसतील, साहेब."

लोक हसतात, हे खरं आहे. पण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, हाताला ते कळतं, पाय आपोआप उचलला जातो. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि आपल्याला कळतं तेव्हा आपण आलो त्या दिशेला तोंड करून उभे असतो. म्हणून जास्त नक्षीवाले मागे. मी हे हातवारे करून समजावत असताना बायको म्हणाली, "चारही टाका," आणि भौतिकशास्त्र तिथेच संपलं.

टायर आले. ती खाली बसली, पर्समधून चष्मा काढला आणि कडेवरचं वाचायला लागली. दह्याची पिशवी तारीख बघितल्याशिवाय घरात न येऊ देणारी ही बाई. लांबलचक क्रमांकाच्या शेवटचे चार आकडे तिने बरोबर शोधले.

"शेठ, हे ४८२३ आहे. म्हणजे तेवीस सालचा अठ्ठेचाळिसावा आठवडा."

"वहिनी, टायर काय नासतो होय?"

"मग तारीख कशाला छापतात?"

दुकानदाराने आतल्या पोऱ्याला हाक मारली. पोऱ्या माळ्यावर चढला. बराच वेळ वरून धप्पधप्प आवाज येत होते. या वर्षीचे चार खाली आले, आणि गंमत म्हणजे भाव तोच निघाला.

पुढचं काम बघत बसावं असं असतं. मशीनवर रिम गरागरा फिरतं, पोऱ्या टायरच्या ओठावर साबणाचं पाणी ब्रशने फासतो, लोखंडी दांडा आत घालून टायर रिमवर उतरवतो. मग हवा. टायर हळूहळू भरतो आणि ओठ रिमला बसताना दोन जोरदार फाट् फाट् होतात. बाहेर बसलेलं कुत्रंही आता त्यांना दचकत नाही. मग बॅलन्सिंग. मशीन सांगतं अमुक ग्रॅम कमी, पोऱ्या शिशाचा तुकडा रिमच्या कडेला ठोकतो, परत फिरवतो, परत ठोकतो, शून्य आलं की आपल्याकडे असं बघतो की टाळ्या वाजवाव्यात. जुन्या चार टायरांचे दुकानदाराने इतके कमी देऊ केले, की ते घरी न्यावेत असं आम्हाला वाटायला लागलं. कुंड्या करता आल्या असत्या.

शेवटी पोऱ्याने विचारलं, "नायट्रोजन की साधी?"

"नायट्रोजनचे वेगळे पैसे?" बायकोने विचारलं.

"चाकाला पन्नास, वहिनी. टायर थंड राहतो," दुकानदार म्हणाला. "आता समृद्धीवर जाणार म्हणजे..."

"साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो ना?"

दुकानदार गल्ल्यावरून उठला. इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न पहिल्यांदाच आला नसावा, कारण उत्तर तयार होतं.

"असतो की. म्हणून तर फक्त पन्नास घेतो, वहिनी. उरलेल्या बावीस टक्क्यांचेच."